वजन जास्त असेल तर इलेक्ट्रिक सायकल कशी निवडावी: साताऱ्याच्या चढ-उतारांसाठी एक मार्गदर्शक

शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त वजनाचा माणूस इलेक्ट्रिक सायकल बघायला दुकानात गेला की विक्रेता पहिल्यांदा मोटारीबद्दल बोलतो. "अडीचशे वॅटची आहे, आरामात ओढेल." पण हा आकडा नियमातूनच आलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पायडल मारत चालवायच्या इलेक्ट्रिक सायकलच्या मोटारीची ताकद २५० वॅटच्या आत हवी, ताशी २५ किलोमीटरला मोटारीची मदत बंद व्हायला हवी आणि बॅटरी सोडून सायकलचं वजन ६० किलोच्या आत हवं. असं असेल तर तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही. त्यामुळे बाजारातल्या बहुतेक सायकलींवर २५० हाच आकडा दिसतो. वजनदार माणसासाठी चांगली सायकल आणि वाईट सायकल यांतला फरक चाकं, गिअर, ब्रेक आणि बॅटरी यांत असतो. त्याबद्दल दुकानात आपण होऊन कुणी बोलत नाही, आपल्यालाच विचारावं लागतं.

सातारकरांना हे विचारणं जास्त गरजेचं आहे. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं आहे. सकाळी कामाला जाताना उतार लागला तर संध्याकाळी घरी येताना तोच चढ होतो. सपाट शहरात जी सायकल वर्षानुवर्षं विनातक्रार चालेल, ती समर्थ मंदिराहून बोगद्याकडे जाताना आठवड्याभरात आपले कच्चे दुवे दाखवते.

पहिलं काम: एकूण वजन काढा

काट्यावर उभे राहा, पण कपडे, बूट, पाठीवरची बॅग, डबा आणि पाण्याच्या बाटलीसकट. त्यात सायकलचं वजन मिळवा. इलेक्ट्रिक सायकल साधारण २० ते २५ किलोची असते. तुम्ही सामानासकट ११० किलो असाल तर रस्त्यावर एकूण १३५ किलो धावणार आहेत. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर करायचे.

आता सायकलच्या माहितीपुस्तिकेत कमाल भार शोधा. इथे बरेच जण फसतात, कारण हा आकडा दोन प्रकारे लिहिला जातो. काही कंपन्या फक्त चालवणाऱ्याचं आणि सामानाचं वजन सांगतात, काही सायकलसकट एकूण वजन सांगतात. समजा "कमाल भार १२०" असं लिहिलंय आणि तो सायकलसकट असेल, तर २४ किलोच्या सायकलीवर तुमच्या वाट्याला ९६ किलोच उरतात. पुस्तिकेत स्पष्ट नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. दुकानदाराच्या "काही होत नाही हो" या तोंडी भरवशावर सायकल घेऊ नका. मर्यादेपेक्षा जास्त भार टाकल्याचं कारण दाखवून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तेव्हा ते वाक्य कामाला येत नाही, कागद येतो.

मर्यादा आणि तुमचं वजन यांत किमान दहा-पंधरा किलोंची मोकळीक ठेवा. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर चाकाला बसणारा दणका तुमच्या स्थिर वजनाच्या कितीतरी पट असतो, आणि आपल्याकडे असे दणके दर चौकात बसतात.

चढाचं गणित एकदा समजून घ्या

हा भाग थोडा रुक्ष वाटेल, पण वाचाच. एकदा हे डोक्यात बसलं की जाहिरात तुम्हाला फसवू शकणार नाही.

१०० मीटर अंतरात ६ मीटर वर जाणारा, म्हणजे ६ टक्क्यांचा चढ धरू. एकूण १३५ किलो घेऊन ताशी १० किलोमीटरने हा चढ चढायला चाकावर साधारण २५५ वॅट लागतात. ६५ किलोच्या माणसाला त्याच सायकलीवर १७० वॅट पुरतात. चढ १० टक्क्यांचा झाला की १३५ किलोंसाठी मागणी ४०० वॅटवर जाते. सायकलची सवय नसलेल्या माणसाचे पाय सलग ८० ते १०० वॅट देतात. उरलेलं मोटारीने द्यायचं, आणि १० टक्क्यांच्या चढावर ताशी १० किलोमीटरने २५० वॅटची मोटार ते सलग देऊ शकत नाही. पण हाच चढ ताशी ६ किलोमीटरने चढलात तर २४० वॅटमध्ये काम भागतं. म्हणजे वजनदार माणसाला जास्त ताकदीच्या मोटारीपेक्षा हळू चढता येण्याची सोय जास्त हवी. ही सोय गिअरमधून येते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: साताऱ्यात राहत असाल आणि वजन नव्वदच्या पुढे असेल, तर बिनगिअरची इलेक्ट्रिक सायकल घेऊच नका, ती कितीही स्वस्त मिळो. मागे किमान ७ गिअर हवेत आणि सर्वांत मोठी चकती निदान २८ दात्यांची हवी. ३४ दात्यांची मिळाली तर फारच उत्तम. दाते मोजायला लाजू नका, दुकानात वाकून मोजा.

मोटारींचे दोन प्रकार आहेत. बहुतेक परवडणाऱ्या सायकलींत मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात असते. ती थेट चाक फिरवते, त्यामुळे तुम्ही बदललेल्या गिअरचा तिला काही फायदा होत नाही. तो फायदा फक्त तुमच्या पायांना होतो. चढावर चाक फार हळू फिरू लागलं की हब मोटारीची कार्यक्षमता घसरते आणि वीज गतीऐवजी उष्णतेत जाते. जड माणूस, लांब चढ आणि पाय स्वस्थ ठेवून नुसता थ्रॉटल (हँडलवरचा एक्सलरेटर) पिळणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मोटार तापून बंद पडते, कधी कधी आतले नायलॉनचे दाते झिजतात. दुसऱ्या प्रकारात मोटार पायडलपाशी, मधोमध असते. ती चेन ओढते, म्हणून गिअरचा फायदा तिलाही मिळतो. चढासाठी हीच खरी योग्य रचना आहे. अडचण किमतीची. साधी हब मोटारची सायकल त्या मानाने स्वस्त असते, मधल्या मोटारीची किंमत तिच्या कितीतरी पटीत जाते. रोज यवतेश्वरचा घाट चढायचा नसेल तर चांगले गिअर असलेली हब मोटारची सायकल पुरते, फक्त चढावर पायडल मारत राहायचं.

मोटारींची तुलना करायचीच असेल तर वॅट सोडा आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर बघा. तो न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. हब मोटारीत ४०च्या आसपास किंवा जास्त असेल तर बरं. चाक जितकं लहान तितका त्याच टॉर्कमधून रस्त्यावर जास्त जोर मिळतो, म्हणून २९ इंचांपेक्षा २६ किंवा २७.५ इंचांचं चाक चढाला सोयीचं.

पायडल मारताय हे सायकलला कसं कळतं, हेही विचारा. स्वस्त सेन्सर फक्त पायडल फिरतंय का एवढंच बघतो आणि थोडं फिरल्यावर मोटार चालू करतो. चढावर थांबून पुन्हा निघताना नेमका तेवढा काळ जड माणसाचा तोल जातो. अशा सायकलीला थ्रॉटल हवाच, म्हणजे निघताना जरासा देऊन तोल सावरता येतो. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असेल तर पहिल्याच दाबाला मदत मिळते.

मागचं चाक: सगळ्यात आधी इथेच तक्रार येते

आपलं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर पडतं. हब मोटार तिथेच, तिचा ओढा तिथेच, कॅरिअरवरची पिशवीही तिथेच. वजनदार सायकलस्वारांच्या तक्रारींत मागच्या चाकाच्या तारा तुटणं वरच्या क्रमांकावर असतं. एक तार तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर येतो आणि काही दिवसांत त्याही जातात.

दुकानात चाकाच्या तारा मोजा. ३६ हव्यात. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेज जितका कमी तितकी तार जाड: १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, १३ गेज २.३, १२ गेज २.६. मोटारीच्या चाकाला १३ किंवा १२ गेज हवी. रिम दुहेरी भिंतीची हवी. हाताने जवळजवळच्या दोन-दोन तारा दाबून बघा. एक ढिली आणि एक कडक लागत असेल तर कारखान्यातून आलेलं चाक नीट ताणलेलं नाही.

सायकल घेतल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये तारा थोड्या सैल होतातच. तेव्हा चांगल्या मिस्त्रीकडून तारा ताणून चाकाचा आउट (डगमग) काढून घ्या. या कामाला नवीन सायकलवाल्या शोरूमपेक्षा जुना सायकल मिस्त्री जास्त भरवशाचा. ज्याने वर्षानुवर्षं दूधवाल्यांच्या कॅनने लादलेल्या सायकली दुरुस्त केल्या आहेत, त्याला भाराखालचं चाक कसं बांधायचं हे शिकवावं लागत नाही.

टायर रुंद घ्या, किमान १.९५ इंच, जमल्यास २.१ ते २.४. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची किमान-कमाल मर्यादा छापलेली असते. वजन जास्त असेल तर कमालच्या जवळ भरा, मागे थोडी जास्त. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चेपली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली की समजा, खिळा लागला नव्हता, हवा कमी होती. मीटरवाला हातपंप घरी ठेवा आणि आठवड्यातून एकदा हवा तपासा.

ब्रेक

इथे पैसे वाचवू नका. अजिंक्यतारा शहरापासून साधारण ३०० मीटर उंच आहे. १३५ किलो तिथून खाली आणताना जी ऊर्जा थोपवावी लागते ती सुमारे ११० वॅट-अवर (ऊर्जेचं माप), म्हणजे लहान बॅटरीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यातली बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. हलक्या माणसाच्या दीडपट. गिअरवाल्या हब मोटारी उतारावर मोकळ्या फिरतात, त्यामुळे ब्रेक लावून बॅटरी चार्ज होईल ही आशा त्यांच्याकडून ठेवू नका.

दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच. तारेवर चालणारे चालतील, पण त्यांची तार ताणत राहावी लागते. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक मिळाले तर हातावर ताण कमी येतो आणि पकड सारखी मिळते. डिस्कचा व्यास १६० मिलिमीटर सर्रास असतो. वजनदार माणसाने १८० बसवता येईल का, निदान पुढच्या चाकाला, हे घेण्याआधी विचारावं. ब्रेकचं लिव्हर दाबताच मोटार बंद होते का तेही दुकानातच तपासा. मागचं चाक उचलून, मोटार चालू ठेवून ब्रेक दाबायचा, एवढंच.

घाटात उतरताना ब्रेक सलग घासत ठेवू नका. आधी वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. जळका वास आला तर बाजूला थांबा, डिस्क निवू द्या, आणि डिस्कला बोट लावू नका.

बॅटरी

जाहिरातीतले किलोमीटर हलका माणूस, सपाट रस्ता आणि कमीत कमी मदत धरून काढलेले असतात. स्वतःचा हिशेब स्वतः करा. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॅट-अवर मिळतात. ३६ व्होल्ट, ७.६५ अँपिअर-अवर म्हणजे २७५. ३६ गुणिले १० म्हणजे ३६०. शंभरीपुढच्या माणसाने साताऱ्यासारख्या चढ-उताराच्या गावात किलोमीटरला १५ ते २० वॅट-अवर धरावेत. १८ धरले तर २७५ची बॅटरी १५ किलोमीटर जाते आणि ३६०ची २०.

शाहूपुरी किंवा गोडोलीतून पोवई नाका, बाजार, परत घर, एवढंच करायचं असेल तर लहान बॅटरी भागवते. एमआयडीसीत रोज कामाला जात असाल तर ३६०च्या खाली येऊ नका. कास पठाराचं स्वप्न असेल तर आणखी एक हिशेब बघा. शहरापासून तिथवर साधारण ४५० मीटरची चढाई आहे. १३५ किलो नुसते तेवढे वर उचलायलाच चाकावर १६५ वॅट-अवर लागतात. मोटारीतली गळती आणि वीस-पंचवीस किलोमीटरचं घर्षण यांचा खर्च त्यात नाही. २७५ची बॅटरी पायांची चांगली साथ नसेल तर वाटेत संपणार.

मोठ्या बॅटरीचा आणखी एक फायदा जड माणसालाच जास्त जाणवतो. चढावर मोटार खूप करंट ओढते, तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो. चार्ज कमी उरला असेल तर संरक्षक सर्किट बॅटरीच बंद करतं. टाकी तळाला गेली की वरच्या मजल्यावरच्या नळाची धार जाते, तसंच हे. पडद्यावर एक काडी उरलेली दिसते, सपाटीवर सायकल चालते, आणि चढ आला की मरते. म्हणून घरी परतताना शेवटी चढ असेल तर बॅटरी तळाला जाऊ देऊ नका.

बॅटरी काढून घरात नेता येणारी घ्या. पंचवीस किलोची सायकल तिसऱ्या मजल्यावर रोज कोण चढवणार? उन्हातून आल्यावर बॅटरी निवू द्या, मगच चार्जिंगला लावा, आणि चार्जर कंपनीचाच वापरा.

पावसाचंही बघून घ्या. शहरातला पाऊस आणि यवतेश्वरच्या वरचा पाऊस यांत फार फरक आहे. मोटार आणि बॅटरीवर आयपी म्हणून आकडा असतो. त्यातला दुसरा अंक पाण्याचा: ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. यांतला कुठलाही आकडा असला तरी प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नका.

सांगाडा, सीट आणि बाकीचं

ॲल्युमिनियम की स्टील, यावर फार वाद घालू नका. दोन्ही चालतात, जोड व्यवस्थित हवेत आणि भाराचा आकडा कागदावर हवा. घडीची सायकल मात्र टाळा. तिचा बिजागर आणि लांबच लांब सीटचा दांडा वजनदार माणसासाठी नाही. पुढचं चाक धरणाऱ्या स्वस्त स्प्रिंगच्या फोर्कपेक्षा साधा, कडक स्टीलचा फोर्क बरा. स्प्रिंग जड माणसाखाली आधीच दबून बसलेली असते, मग खड्ड्यात ती उरतच नाही.

साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून चालवणाऱ्या बायकांना दांडी खाली असलेली सायकल लागते. अशा सांगाड्याला मधून पीळ बसतो, म्हणून दोन समांतर दांड्या असलेला किंवा अर्ध्या उंचीच्या दांडीचा घ्या. चेनकव्हर लावून घ्यायला विसरू नका.

सीट रुंद हवी, पण फार मऊ नको. मऊ गादीत हाडं रुततात आणि अर्ध्या तासात बूड दुखतं. सीटच्या दांड्यावर किमान आत राहण्याची खूण असते. उंच माणसाने दांडा त्या खुणेच्या वर काढू नये, लांब दांडा विकत घ्यावा. कॅरिअरची भारक्षमता सहसा २५ किलोपर्यंत असते, त्यावर माणूस बसवायचा नाही.

जुन्या सायकलीला मोटारचं किट बसवण्याचा सल्ला कुणी देईल. स्वस्त पडतं हे खरं. पण पुढच्या चाकात मोटार आणि ॲल्युमिनियमचा फोर्क ही जोडी टाळा. मोटारीचा आस फोर्कच्या खाचा फाकवून निसटू शकतो आणि पुढचं चाक निसटणं म्हणजे तोंडावर पडणं. ५००-१००० वॅटची किट लावली तर ती सायकल नियमाच्या सवलतीत बसत नाही, मोटार वाहन ठरते.

दुकानात चालवून बघताना

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावरची चक्कर काही कामाची नाही. विक्रेत्याला सांगा, मला चढावर न्यायची आहे. बॅटरी निम्मी असताना मिळाली तर आणखी चांगलं. चढाच्या मधोमध थांबा आणि तिथून पुन्हा निघून दाखवा. पायडल मारत किमान पाच मिनिटं चढा, मग उतरून मोटारीच्या हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर ती सायकल तुमच्या वजनाला कमी पडतेय. खाली येताना दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा. एवढी चाचणी जो दुकानदार देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. वजनाकडे बघून कुणी हसलं तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडा. पैसे तुमचे आहेत आणि नीट विचारलेला प्रश्न तुमचा हक्क आहे.

कंट्रोलर (मोटारीला वीज सोडणारं सर्किट) किंवा बॅटरी बिघडली तर साताऱ्यात कोण बघणार हेही तेव्हाच विचारा. "पुण्याला पाठवू" असं उत्तर आलं तर पाठवण्याचा खर्च कुणाचा आणि किती दिवस लागतील, हे बिलावर लिहून घ्या.

पहिला महिना

गुडघे, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांशी बोला. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट खूप खाली ठेवली तर जड शरीराचा सगळा ताण गुडघ्यावर येतो. पहिले काही दिवस सपाट रस्ते आणि मोटारीच्या मदतीची मधली पातळी. चढ येण्याआधीच हलका गिअर घाला, चढावर जोर देत असताना घातला तर चेन तुटू शकते.

दर आठवड्याला हवा, ब्रेक आणि मागच्या चाकाच्या नटांवर नजर टाका. महिनाभरात तारा ताणून झाल्या, ब्रेकचे पॅड किती उरलेत ते बघून झालं आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर बॅटरी नेमकी किती जाते ते कळलं, की मग यवतेश्वरचा घाट चढायला हरकत नाही. सकाळी लवकर निघा, पायडल थांबवू नका, मोटार तापली तर वळणावर नाही, कडेला सुरक्षित जागा बघून थांबा.